पडून राहू दे त्यांना

मी महूहून बोलतोय. इंदूरजवळची ही छावणी, निवृत्तीनंतर इथंच घर केलं. कॅमेऱ्यामागच्या मुलानं बजावलंय की फार लांबवू नका, तेव्हा थेट सुरुवात करतो.

मी डॉक्टर नाही. शिक्षणानं विज्ञानाचा पदवीधर, पेशानं इन्फंट्रीचा माणूस. बत्तीस वर्षं नोकरी केली आणि चौपन्नाव्या वर्षी कर्नल म्हणून घरी आलो. स्नायू, हाडं, साखर यांच्यावरचे शोधनिबंध वाचायला लागलो ते चौसष्टाव्या वर्षी. त्याला एक कारण घडलं. ते माझ्या चुकीचं आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

माझ्या पलटणीत एक सुभेदार साहेब होते. सातारा जिल्ह्यातले. माझ्याहून पाचएक वर्षांनी मोठे. मी तरुण कॅप्टन असताना ते हवालदार होते, आणि मॉर्टरची बेस प्लेट पाठीवर घेऊन चढ चढताना ते गाणं म्हणायचे. आम्ही रिकाम्या हातानं धापा टाकायचो. दोन वर्षांपूर्वी त्यांना डेंग्यू झाला. दहा दिवस दवाखान्यात काढून घरी आले. मुलाचा मला फोन आला, "साहेब, डॉक्टर म्हणतात रोज थोडं उठवून हिंडवा. पण अप्पा फार थकलेत, नको म्हणतात. काय करू?"

मी म्हटलं, "पडून राहू दे त्यांना. आयुष्यभर धावलाय माणूस."

डॉक्टरांनी सांगितलेलं बाजूला राहिलं आणि साहेबांचा शब्द पाळला गेला. त्या घरात माझ्या शब्दाला तेवढं वजन आहे, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

अडीच महिन्यांनी मी गावी गेलो. खाटेवर होते. मला बघून उठायला गेले आणि उठता आलं नाही. पुढं होऊन मी दंडाला धरलं, तर माझी बोटं एकमेकांना लागली. डेंग्यू कधीच बरा झाला होता. रक्ताचे सगळे रिपोर्ट चांगले होते. वहिनी म्हणाल्या, "सगळं नॉर्मल आहे म्हणतात, मग हे उठत का नाहीत?"

या प्रश्नाचं उत्तर मला देता येईना. परतीच्या गाडीत मोबाइलवर शोधायला लागलो, आणि तिथून ही सगळी वाचनाची भानगड सुरू झाली.

१९६६ साली अमेरिकेत डलास इथं पाच निरोगी तरुणांवर एक प्रयोग झाला. सगळे वीस वर्षांचे. त्यांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं आणि आधी-नंतर शरीराची काम करण्याची क्षमता मोजली. ती चांगलीच घसरली होती. पण खरी गंमत पुढं आहे. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी, पन्नाशीत, परत बोलावून मोजलं. तीस वर्षांच्या वयानं त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त नुकसान त्या तीन आठवड्यांच्या झोपण्यानं केलं होतं.

हे वीस वर्षांच्या पोरांचं. पिकल्या वयात काय होतं? २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी सदुसष्ट वर्षांची, पूर्ण निरोगी माणसं. दहा दिवस अंथरुणावर. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. पायांची ताकद पंधरा टक्क्यांनी उतरली. यांना कुठलाही आजार नव्हता, खायला व्यवस्थित मिळत होतं. आमचे सुभेदार साहेब एकाहत्तर वर्षांचे, ताप अंगात, तोंडाला चव नाही, आणि दहा दिवसांच्या जागी अडीच महिने. हिशेब तुम्हीच करा. मी केला आणि दोन रात्री झोप लागली नाही.

या झिजण्याला नाव आहे, सार्कोपेनिया. ग्रीक शब्द आहे. सार्क्स म्हणजे मांस, पेनिया म्हणजे कमतरता. अर्विन रोझेनबर्ग नावाच्या अमेरिकी संशोधकानं १९८८ च्या एका परिषदेत हे नाव सुचवलं. म्हणजे माणूस म्हातारपणी वाळतो हे जगाला हजारो वर्षं दिसत होतं, पण त्याला वैद्यकातलं स्वतंत्र नाव मिळालं मी लेफ्टनंटचा कॅप्टन झाल्यानंतर. अमेरिकेच्या रोगांच्या यादीत त्याला क्रमांक मिळायला २०१६ उजाडलं. फौजेत राहिलेल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो. ज्याचा फाइल नंबर नाही, त्या गोष्टीची कोणी दखल घेत नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट. तुम्ही म्हणाल, साहेब तर तंदुरुस्त दिसतात. मलाही तसंच वाटायचं. नोकरीत असताना बीपीईटी नावाची परीक्षा असायची. पाच किलोमीटर धावणं, दोरावर चढणं, नऊ फुटी खड्डा उडी मारून ओलांडणं. ती मी वर्षानुवर्षं चांगल्या श्रेणीत काढली. निवृत्तीनंतर रोज सकाळी मित्रांबरोबर पाच-सहा किलोमीटर चालणं. वजन निवृत्तीच्या दिवशी अडुसष्ट किलो, दहा वर्षांनी अडुसष्ट किलो. जुना ब्लेझर अंगात येतो म्हणून लग्नाकार्यात मी जरा मिरवायचोही.

सातारहून आल्यावर एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी हातात एक यंत्र दिलं, म्हणाल्या, जोरात दाबा. पकडीची ताकद मोजतात. काटा सव्वीस किलोवर थांबला. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटानं २०१९ साली जे निकष ठरवले, त्यात पुरुषांसाठी अठ्ठावीसच्या खाली आणि बायकांसाठी अठराच्या खाली म्हणजे ताकद कमी. मी नापास. दोनदा, तीनदा दाबलं. यंत्र बिघडलं असेल असंही म्हणून पाहिलं. बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

पकड कशाला मोजायची, आपल्याला काय कुस्ती खेळायचीय? २०१५ साली लॅन्सेटमध्ये सतरा देशांतल्या जवळपास एक लाख चाळीस हजार लोकांचा अभ्यास आला. त्यात भारतही होता. पकड पाच किलोनं कमी असेल, तर त्या काळात मृत्यू येण्याचा धोका सोळा टक्क्यांनी जास्त दिसला. वरच्या रक्तदाबाच्या आकड्यापेक्षा पकडीचा आकडा मृत्यूचा अंदाज जास्त चांगला सांगत होता. पकड कमी म्हणून माणूस मरतो असा याचा अर्थ नव्हे, हे नीट ध्यानात घ्या. पकड हा सबंध शरीराच्या ताकदीचा नमुना आहे, शितावरून भाताची परीक्षा करतात तसा.

मग रक्त तपासलं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.३. साडेसहाला मधुमेह म्हणतात. मी उंबरठ्यावर. घरात मधुमेह कोणाला नाही, पोट सुटलेलं नाही, वजन तेवढंच. मग कसं?

याचं उत्तर पुण्यात सापडलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेटमध्ये आपल्या दोघांचा एक फोटो छापला. शेजारी शेजारी उभे. दोघांचा उंचीच्या हिशेबात वजनाचा आकडा, ज्याला बीएमआय म्हणतात, तो अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय आतून जाड असू शकतो, हे दाखवायला त्यांनी स्वतःचंच शरीर पुढं केलं. मला याचं फार कौतुक वाटतं.

माझा वजनकाटा दहा वर्षं हेच लपवत होता. मांस जात होतं, त्याच्या जागी चरबी येत होती, बेरीज अडुसष्टच. आणि मांस गेलं की साखरेची पंचाईत का होते? जेवल्यावर रक्तात येणारी साखर इन्शुलिनच्या हुकमावर जिथं जाऊन साठते, त्यातलं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे आपले स्नायू. कोठार लहान झालं तर धान्य अंगणात पडून राहणार. दुसरी गोष्ट याहून छान आहे. स्नायू जोरानं आकसतो तेव्हा साखर आत घेण्याची दारं तो इन्शुलिनची वाट न बघता स्वतःच उघडतो. म्हणजे जिना चढताना तुमची मांडी औषधाचं काम करते. २०२३ साली आयसीएमआरच्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचं दिसलं. आपल्यासारख्या बारीक दिसणाऱ्यांनी त्यात स्वतःला आपोआप वगळू नये.

आणि माझं रोजचं चालणं? चालणं सोडू नका, हृदयाला, श्वासाला ते हवंच. पण स्नायूंत दोन तऱ्हेचे तंतू असतात. एक सावकाश, न थकता काम करणारे. चालायला ते लागतात. दुसरे झटक्यानं जोर लावणारे. खुर्चीतून उठताना, ठेच लागल्यावर तोल सावरताना हे दुसरे लागतात, आणि वयाबरोबर जास्त झिजतात ते हेच. सपाट रस्त्यावर गप्पा मारत चालताना त्यांना कोणी हाक मारत नाही.

त्यांना हाक मारायची रीत शोधून काढली ती एका फौजी डॉक्टरनं, आणि हे वाचताना माझी कॉलर जरा ताठ झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाकडची गोष्ट. शिकागोचं गार्डिनर जनरल हॉस्पिटल जखमी सैनिकांनी भरून गेलं होतं. मांडीचं हाड मोडलेले, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले. त्या काळची पद्धत म्हणजे हलकं वजन, पुष्कळ वेळा, जपून. जवान महिनोन् महिने खाट अडवून बसत. तिथं थॉमस डिलॉर्म नावाचा तरुण आर्मी डॉक्टर होता. लहानपणी त्याला संधिवाताचा ताप येऊन गेला होता आणि तो स्वतः वजनं उचलून उभा राहिला होता. त्यानं जवानांच्या पायाला लोखंडी बूट बांधले, त्यात चकत्या अडकवल्या आणि उलटा मार्ग धरला. वजन जड, वेळा कमी, आणि जमलं की पुढच्या खेपेला वजन वाढवायचं. त्याचे निष्कर्ष १९४५ साली छापून आले. नंतर त्यानं आणि वॉटकिन्स नावाच्या सहकाऱ्यानं पद्धत आणखी सोपी केली. दहा वेळा जेमतेम उचलता येईल असं वजन शोधा. त्याच्या निम्म्यानं दहा वेळा, पाऊण वजनानं दहा वेळा आणि पूर्ण वजनानं दहा वेळा. आज जगातल्या कुठल्याही जिममध्ये 'तीन सेट, दहा रेप' ऐकू येतं, त्याचं मूळ त्या हॉस्पिटलात आहे.

पण हे होतं विशीतल्या जवानांसाठी. म्हाताऱ्यांना जड वजन देण्याचं धाडस व्हायला आणखी चार दशकं गेली. बोस्टनमध्ये वृद्धांच्या एका संस्थेत डॉ. मारिया फियातारोने यांनी दहा जण निवडले. वय ८६ ते ९६. आठ आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मांडीच्या स्नायूंसाठी जड वजन. हे १९९० साली प्रसिद्ध झालं. नऊ जणांनी पूर्ण केलं आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. दोघांची काठी सुटली. आणि व्यायाम बंद केल्यावर चार आठवड्यांत ती ताकद पुन्हा उतरायलाही लागली, हेही त्यांनी लपवलं नाही.

चार वर्षांनी त्यांनी शंभर वृद्धांवर मोठा प्रयोग केला. काहींना व्यायाम, काहींना नुसतं पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. व्यायामवाल्यांची ताकद दुपटीहून वाढली. नुसत्या पौष्टिक पेयानं अशक्तपणा कमी झाला नाही. मी हे मुद्दाम सांगतो, कारण परदेशातली मुलं आईवडिलांना प्रोटीनचे डबे पाठवतात. माझ्याही मुलानं पाठवले. ते डबे स्वतःहून मांडीत जाऊन बसत नाहीत.

याचा अर्थ खाणं गौण आहे असा नाही. म्हातारपणी तेवढंच मांस राखायला प्रथिनं थोडी जास्त लागतात. किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम धरा, म्हणजे मला दिवसाला सत्तर-ऐंशी ग्रॅम. मी एकदा वहीत लिहून पाहिलं. सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण, संध्याकाळी चहा-खारी, रात्री खिचडी. चाळिशीच्या आसपास येऊन थांबलो. आता सकाळी दोन अंडी, दुपारी वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ आणि दही, रात्री पनीर नाहीतर मासे. बायको म्हणते, हे रिटायर झालेत की पैलवान झालेत. ज्यांच्या मूत्रपिंडाला त्रास आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नये.

ताई-वहिनींसाठी हाडांचं एक सांगतो. ऑस्ट्रेलियात लिफ्टमोर नावाचा प्रयोग झाला. हाडं ठिसूळ होऊ लागलेल्या, पाळी गेलेल्या १०१ बायका. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, खरोखर जड वजन, समोर प्रशिक्षक उभा. आठ महिन्यांत त्यांच्या कण्याच्या हाडाची घनता २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. इजा किती? एकीची कंबर किरकोळ धरली, तेवढंच. प्रशिक्षक समोर उभा होता हे मात्र विसरू नका. यूट्यूब बघून हे करायचं नाही.

मी कसं करतो ते विचारतात लोक. सोमवार आणि गुरुवार, जिममध्ये, विशीतल्या पोरांच्या गर्दीत. प्रशिक्षक मला अंकल म्हणतो, 'सर' म्हणवून घेण्याची सवय तिथं सुटली. दुसऱ्याच महिन्यात मला अकादमीतले दिवस आठवले आणि सांगितल्यापेक्षा जास्त वजन उचललं. कंबर धरली, तीन आठवडे घरी. डिलॉर्मनं 'हळूहळू वाढवा' म्हटलं होतं, ते मी वाचून सोडून दिलं होतं. आता पकड तेहेतीस आहे, साखर ५.८. औषध नाही. साखर नुसत्या वजनांनी उतरली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, चहातली साखर आणि खारीही सुटली आहे.

डेन्मार्कमध्ये सेवानिवृत्तीच्या वयातल्या चारशे एक्कावन्न लोकांचा असाच अभ्यास झाला. ज्यांनी एक वर्ष देखरेखीखाली जड वजनं उचलली, त्यांच्या पायांची ताकद सुरुवातीपासून चार वर्षांनीही टिकून होती. बाकीच्यांची घसरली होती. पेन्शनचे कागद भरताना कोणीतरी हा कागदही हातात द्यायला हवा होता, असं मला राहून राहून वाटतं.

आता तुम्ही ज्या खुर्चीवर बसला आहात तिच्यावरच एक गोष्ट करा. चाकांची खुर्ची असेल तर बदला. हात छातीवर घ्या आणि पाच वेळा पूर्ण उभे राहा, पूर्ण बसा. घड्याळ लावा. आशियाई निकषात बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर ती सूचना समजायची. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चक्कर येते, छातीत दुखतं, अशांनी करू नका. आणि घरात वडीलधारे असतील तर त्यांच्या बाजूला उभं राहा, त्यांना एकट्यानं करायला लावू नका.

हाच व्यायाम आम्ही सुभेदार साहेबांना दिला. तालुक्याच्या फिजिओथेरपिस्टनं येऊन बघितलं आणि सांगितलं, सध्या यांना एवढ्या खाली बसून उठता येणार नाही, बसायची जागा उंच करा. वहिनींनी खुर्चीवर चार गोधड्यांच्या घड्या ठेवल्या. त्या उंचीवरून मुलाच्या आधारानं ते दोनदा उठले आणि घामाघूम झाले. मग रोज सकाळ-संध्याकाळ. दहा वेळा जमायला लागलं की एक गोधडी काढायची. कधी तीन आठवड्यांनी निघाली, कधी दोन महिने जागची हलली नाही. मध्ये न्यूमोनिया होऊन गेला, तेव्हा निघालेली गोधडी परत घालावी लागली. त्या वेळी मात्र तिसऱ्या दिवशी त्यांना खाटेवरून उतरवलं. मुलानं मला विचारलं नाही, नुसतं कळवलं.

ते पूर्ववत झालेले नाहीत, आणि होतील असं मला वाटत नाही. मळ्यापर्यंत जातात, पाण्याची मोटर स्वतः चालू करतात, पण बांध ओलांडताना नातवाचा हात लागतो. संडासला एकट्यानं जातात, आणि वहिनी म्हणतात की तेवढ्यानंच घराचा जीव भांड्यात पडला. अडीच महिन्यांत जे गेलं ते दीड वर्षात निम्मंच परत आलं असेल. माझ्या त्या फोनबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत. मीच एकदा विषय काढला, तर म्हणाले, "साहेब, मलाही झोपायचंच होतं."

गेल्या रविवारी त्यांचा फोन आला. शेवटची गोधडी निघाली. पण त्यांचा आवाज खूश नव्हता. मी विचारलं काय झालं. म्हणाले, "पोरानं नवी खुर्ची आणलीय, साहेब. चार बोटं बुटकी आहे. मुद्दाम आणलीय म्हणतो."